वेंगुर्ल्याच्या जुन्या घराला स्लॅब टाकायचा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय धरून बोलतोय ते कळेल. वेंगुर्ल्यात समुद्राजवळ पणजोबांनी १९१२ च्या सुमारास बांधलेलं दुमजली घर. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढं आणि दोन्ही अंगांना पडवी, मजल्याला लाकडी तक्तपोशी. तुम्ही सगळे कोल्हापुरात, तिकडं जाणं गणपतीला आणि मे महिन्यात. भिंतींना खालून ओल होती म्हणून काही वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला, आता ती ओल छातीपर्यंत चढलीय. कौलं गळतात. इथल्या ठेकेदाराचं म्हणणं, कौलं उतरवा, स्लॅब टाका, पडव्या बंद करून खोल्या काढा, बाहेरून वॉटरप्रूफिंग मारा, कटकट मिटली. वडील म्हणतात, पाडूनच टाकू. आणि तुम्ही विचारताय, यातलं स्वस्तात काय पडेल.

मीही कोल्हापुरातच राहतो. जुन्या इमारतींची दुरुस्ती हेच माझं काम, आणि त्यातलं बरंचसं घाटाखाली असतं. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न ओल थांबवायची कशी हा नाहीच. किनाऱ्यावरचं असं घर दर पावसाळ्यात भिजणारच, ते तसं धरूनच बांधलेलं असतं. भिजलेलं घर पूर्वी दिवाळीनंतर वाळायचं, ते आता का वाळत नाही, हे शोधायचंय. ते सापडलं की स्लॅबचा विषय आपोआप बाजूला पडतो.

घर न बघता काही गोष्टी मी सांगू शकत नाही. भिंती चुन्यात बांधल्यात की मातीत, वाशांची टोकं कुजलीत का, वाळवी कुठवर गेलीय, समुद्र आणि घर यांच्यामध्ये माडांची आडोशाची रांग आहे की उघडं मैदान, यावर बरंच अवलंबून आहे. खाली लिहितो ते या प्रकारच्या घरांना सर्वसाधारण लागू पडतं, तुमच्या घराला किती ते तिथं जाऊनच ठरेल.

आपण कोल्हापूरकर इथंच फसतो. आपल्याला सवय काळ्या दगडाची. न्यू पॅलेस बघा, मेजर चार्ल्स मँटच्या आराखड्यावर १८८४ मध्ये पुरा झालेला, सगळा काळा दगड. तो दगड पाणी जवळजवळ पीत नाही. आपले गवंडी त्याच हाताचे, त्यांना घट्ट, ठणठणीत काम आवडतं. आता रत्नागिरीचा थिबा पॅलेस आठवा. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी सरकारनं बांधलेला, १९१० मध्ये तो तिथं राहायला गेला आणि १९१६ मध्ये तिथंच वारला. तोही राजाचाच वाडा, पण उतरती कौलारू छपरं, जांभा, अर्धगोल कमानीच्या कोरीव लाकडी खिडक्या. दोन्ही इमारतींत पावशतकाचंच अंतर आहे, तरी घाटावर आणि घाटाखाली बांधण्याची रीत पार वेगळी. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वेंगुर्ल्यात त्याच्या अडीच-तीन पट. तुम्ही म्हणाल, आमच्याच जिल्ह्यात गगनबावडा आहे, पावसाची सवय आहे आम्हाला. खरंय, पण गगनबावड्याच्या वाऱ्यात मीठ नाही.

तुमचं घर ज्या काळातलं आहे त्या काळातल्या किनाऱ्यावरच्या मोठ्या घरांत दोन घरं एकमेकांत मिसळलेली असतात. आतलं घर जुन्या कोकणी रीतीचं: खळं, ओटी, माजघर, देवघर, मागं स्वयंपाकघर आणि मागची पडवी, वर माळा. पुढचं घर बंगल्याच्या धर्तीचं: मधोमध पायऱ्या, दोन्हीकडं सारख्या कमानी, वरच्या मजल्यावर गॅलरी, दारांवर रंगीत काचा. व्यापारात नाहीतर मुंबईच्या नोकरीत पैसा झाला की दर्शनी भाग असा नटायचा. मंगलोरी कौलं हीसुद्धा तेव्हाची नवी चीज. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेनं १८६५ मध्ये कारखाना काढला आणि पुढं ही कौलं जहाजांतून किनाऱ्याकिनाऱ्यानं पसरली, त्याआधी नळीची गावठी कौलं नाहीतर गवताचं छप्पर. सिमेंट मात्र तेव्हा परदेशातून यायचं. पोरबंदरचा कारखाना सुरू झाला तोच १९१४ मध्ये. म्हणजे तुमच्या घरात आज दिसणारं सिमेंट बहुतेक सगळं नंतर आलेलं आहे. हे लक्षात ठेवा, कारण दुखणं आणि सिमेंट एकाच जागी सापडतं की नाही ते तुम्हाला तपासायचंय.

आता पडवी. ठेकेदाराला तिथं फुकटची जागा दिसते, मला मुख्य भिंतीची ढाल दिसते. नैर्ऋत्येकडून झड येते ती आडवी येते. तीन-चार फूट पुढं आलेल्या पागोळ्या आणि त्यांच्याखालची सहा-आठ फुटांची पडवी ती झड पोटात घेतात, आणि माजघराची दीड-दोन फूट जाडीची भिंत कोरडी राहते. पडवी भिजली तर भिजू दे, ती उघडी असते, दोन दिवस ऊन पडलं की वाळते. जुनी माणसं पावसाआधी पडवीच्या कठड्यावर झावळ्यांची झापं बांधायची, तीही याचसाठी. पडवीला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या की पावसाचा मारा थेट नव्या, पातळ भिंतीवर येतो, आतली हवा कोंडते, आणि शंभर वर्षं कोरडं राहिलेलं माजघर एका पावसाळ्यात कुबट होतं. खोल्या हव्यातच असतील तर मागच्या अंगाला, उतरत्या छपराची वेगळी बांधा. न्हाणी-संडासही तिकडंच, मुख्य भिंतीत नळ न गाडता.

भिंतींकडं येतो, कारण तुमची खरी डोकेदुखी ती आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, त्याचे चिरे तासता येतात, आणि हवेत राहून तो कडक होतो. पण त्याच्या अंगातली भोकं जात नाहीत. तो पाणी ओढून घेतो आणि हवा लागली की सोडतो. जमिनीतलं पाणी केशाकर्षणानं भिंतीत चढतं आणि जिथं वाफ होऊन निघून जाईल तिथं थांबतं. चुन्याच्या गिलाव्यातून ते सहज निघून जातं, म्हणून पूर्वी ओल जोत्याच्या वर फूट-दीड फूट दिसायची आणि तिथंच राहायची. सिमेंटचा गिलावा दाट. तो वाट अडवतो, मग पाणी गिलाव्यामागून वर सरकत जातं आणि कुठंतरी उंचावर बाहेर पडतं. तुमची ओल गिलाव्यानंतर छातीपर्यंत चढली, याचं कारण माझ्या अंदाजानं हेच.

त्यात किनाऱ्याचं मीठ. पाण्याबरोबर मीठ भिंतीत जातं, पाणी उडून गेलं की मिठाचे स्फटिक दगडाच्या भोकांत वाढतात आणि दगड आतून फोडतात. भिंतीवर पांढरा लोणा फुटतो, रंगाचे पोपडे पडतात, चिऱ्याची भुकटी हाताला लागते. चुन्याचा गिलावा असेल तर हे मीठ गिलाव्यात साठतं आणि दहा-पंधरा वर्षांनी गिलावा झडतो. तो झडण्यासाठीच असतो, पुन्हा करायचा. सिमेंट केलं की गिलावा शाबूत राहतो आणि त्याच्या आड चिरा संपतो. कोणाचा बळी द्यायचा एवढंच आपल्या हातात असतं, आणि गिलावा केव्हाही स्वस्त.

भिंतीचं काम करायचं ते असं. आधी बाहेरची जमीन बघा. रस्ता आणि अंगण वर्षानुवर्षं भर पडून उंच होतात, वर पेव्हर ब्लॉक बसतात, आणि तीन फुटांचं जोतं दीड फुटावर येतं. माती मूळ पातळीवर उतरवा, पागोळ्यांचं पाणी पडतं त्या रेषेत दगडी पन्हळ काढून ते लांब न्या. भिंतीला चिकटून काँक्रीटचा पट्टा करू नका, खडी पसरा. बऱ्याच घरांत एवढ्यानंच निम्मी ओल उतरते. यंत्र लागत नाही, औषध लागत नाही, फावडं लागतं. त्यामुळं यात कुणाला नफा नाही आणि कुणी सुचवतही नाही.

मग सिमेंट काढायचं, हलक्या हातानं, छिन्नीनं. ब्रेकर मशीन आणू देऊ नका. जिथं गिलावा पोकळ वाजतो तिथं तो सहज निघेल. जिथं घट्ट धरलाय आणि ओढला तर चिऱ्याचं तोंड सोबत येतंय, तिथं थांबा. तेवढा तुकडा राहू द्या, दोन-चार वर्षांत तो आपणहून सुटतो. उघडी भिंत एक पूर्ण कोरडा हंगाम तशीच ठेवा, दिवाळीपासून मेपर्यंत. लोणा आला की कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करून बाहेर टाका, पाण्यानं धुऊ नका, मीठ परत आत जातं. घाई करणाऱ्यांचा पैसा इथंच बुडतो.

पुढच्या हंगामात चुन्याचा गिलावा. निव्वळ चुना त्या दमट हवेत फार सावकाश धरतो, म्हणून त्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालतात. प्रमाण हातातल्या चुन्यावर ठरतं, दोन-तीन नमुने भिंतीच्या कोपऱ्यात लावून महिनाभर बघावेत. वाळू नदीची, धुतलेली. खाडीची वाळू जवळ आणि स्वस्त, पण तीत मीठ आहे. थर पातळ, अर्ध्या इंचाच्या आत, आणि काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कोल्हापूरचा माणूस हमखास विचारतो, चुन्यात गूळ घालायचा का? पूर्वी गुळाचं नि हिरड्याचं पाणी घालत, त्यानं चुना हाताला मऊ लागतो. पण चुना नीट मळला गेला नाही तर शाहू मार्केट यार्डातला सगळा गूळ ओतलात तरी उपयोग नाही. वरून चुन्याचीच सफेदी. प्लॅस्टिक पेंट लावलात तर सगळं केलेलं वाया.

छपराचं. आकडा सांगतो, मग तुम्हीच ठरवा. मंगलोरी कौलं आणि रिपा, म्हणजे त्यांच्याखालच्या लाकडी पट्ट्या, मिळून चौरस मीटरला सुमारे ६५ किलो भार येतो. पाच इंची स्लॅबचा नुसता भार ३०० किलोंच्या वर, त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर धरला तर ४०० च्या घरात. तो भार तुमच्या शंभर वर्षांच्या, कदाचित मातीत रचलेल्या चिऱ्यांवर. शिवाय स्लॅब उन्हानं फुगतो-आकसतो आणि भिंतीचा माथा ढकलत राहतो. पागोळ्या जातात, म्हणजे वर सांगितलेली ढाल जाते. आणि किनाऱ्यावर काँक्रीटच्या आतली सळई हा वेगळाच विषय आहे. खारी हवा सळईपर्यंत पोचली की गंज धरतो, गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. आयएस ४५६ हे मानक किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला किमान एम-३० हा मजबुतीचा दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण मागतं. गावातल्या कामात ते आवरण किती मिळतं, ते कुठल्याही पडक्या छज्ज्याखाली उभं राहून बघा. तुमच्या गॅलरीखाली जुने विलायती गर्डर असतील तर तिथंही हेच तपासायचं.

कौलं गळतात याचा अर्थ छप्पर गेलं असा नसतो. बहुतेक वेळा रिपा कुजलेल्या असतात, वासा वाकलेला असतो, किंवा दोन पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, मिळतात तिथल्या पन्हळीचा पत्रा गंजलेला असतो. सगळी कौलं उतरवा आणि एकेक वाजवून बघा. खणखणीत वाजलं ते चांगलं, भद्द वाजलं ते बाजूला. कमी पडणारी पाडलेल्या जुन्या घरांतून मिळतात, पण एक काळजी घ्या: कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो. वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत आणि पाणी तिथूनच शिरतं. छाप बघून ढीग लावा आणि एका पाखीला एकाच छापाची कौलं घाला. चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात, त्यावरून हिशेब करा.

वाशाचं टोक भिंतीत असतं तिथं ते आधी कुजतं. टोच्या घेऊन प्रत्येक टोक तपासा. फूट-दोन फूट गेलं असेल तर तेवढंच कापून सांधा घालून नवं लाकूड जोडता येतं, सगळा वासा बदलायची गरज नसते. जुनं लाकूड साग, फणस, किंजळ, ऐन यांपैकी असेल तर आज तसं बाजारात मिळवताना घाम फुटेल, ते टाकू नका. खिळे आणि बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. महाग आहेत, पण साधे खिळे त्या हवेत गंजून लाकूडही फाडतात. या कामाला सुतार सावंतवाडी-कुडाळकडचा बघा. आपल्याकडची टोळी टेम्पोत घालून आंबोली घाट उतरवण्याचा मोह मला कळतो, ओळखीची माणसं असतात, पण चिरा आणि कौल रोज हाताळणारा हात वेगळा.

दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे कबूल करायला हव्यात. कोकणात आता माकडांचा उपद्रव इतका आहे की छप्पर कितीही चांगलं शाकारलं तरी कौलं फुटतात, आणि छपरावर चढून कौलं परतणारा माणूस सहज मिळत नाही. म्हणून लोक कौलांवर लोखंडी सांगाडा उभा करून निळा नाहीतर लाल पत्रा टाकतात. दिसायला तो भयानक दिसतो. माझे काही सहकारी त्याचं नाव काढलं तरी चिडतात. मला विचाराल तर तो स्लॅबपेक्षा शतपट बरा, कारण तो उद्या काढता येतो आणि तोवर खालचं लाकूड वाचतं. अट एकच, सांगाड्याचे खांब भिंतींपासून मोकळे, स्वतःच्या पायावर उभे असावेत आणि पत्रा नि कौल यांत वारा खेळेल एवढी जागा हवी.

पाडून टाकू म्हणणाऱ्या वडिलांना काय सांगायचं? भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या जमिनीला किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात, २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांचे. तुमची जागा नेमकी कुठल्या वर्गात येते ते नगरपरिषदेत मंजूर नकाशावर बघावं लागेल. पण साधारण सूत्र असं की अधिकृत जुन्या बांधकामाची चटईक्षेत्र न वाढवता दुरुस्ती करणं सोपं, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर मनासारखं नवं उभं करणं अवघड. पडव्या बंद करून खोल्या काढल्या तर तेही चटईक्षेत्रात मोजलं जाऊ शकतं. घराची जुनी घरपट्टी, मोजणीचा नकाशा, पूर्वीचे फोटो आधी गोळा करा. आणि उताऱ्यावर किती सहहिस्सेदार आहेत ते बघा, मुंबईच्या चुलत्यांची सही कामाच्या मध्यात मागायची वेळ आणू नका.

भिंतीला पोट आलं असेल, कोपऱ्यातून वरपासून खालपर्यंत चीर गेली असेल, आणि वाळवीनं निम्म्याहून जास्त लाकूड खाल्लं असेल, तर मीही तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधा म्हणेन. मागचं स्वयंपाकघर बऱ्याच घरांत असं गेलेलं असतं. पण सगळं घर एकदम गेलंय असं क्वचित आढळतं.

स्वस्त काय, याचं उत्तर म्हणून कामाचा क्रम देतो, कारण खर्च तीन वर्षांत वाटता येतो. सगळ्यात आधी, जुलैत दोन दिवस जाऊन राहा. मे महिन्यात घर बघून काहीच कळत नाही. पोटमाळ्यावर बॅटरी घेऊन चढा आणि पाणी कुठून येतं त्या प्रत्येक जागी खडूनं खूण करा, ओलीची उंचीही भिंतीवर तारखेसह आखून ठेवा. पाऊस सरला की अंगणाची पातळी आणि पन्हळ. त्याच हंगामात छप्पर, आणि सिमेंट काढून भिंती उघड्या. पुढच्या हंगामात गिलावा. रंगीत काचा, कठडे, फरशी हे सगळं शेवटी, पैसे उरले तर.

यातलं काहीही सुरू करण्याआधी एक गोष्ट घरात बसून ठरवा. दर मे महिन्यात छप्पर कोण परतणार, आणि पावसाळ्यानंतर दारं-खिडक्या उघडून घराला वारा कोण देणार? शेजारी, वाटेकरी, पगारी माणूस, कोणीही चालेल, पण नाव ठरलेलं हवं. ते ठरत नसेल तर चुन्याच्या भानगडीत आत्ता पडू नका. वर पत्रा घाला, अंगण खाली उतरवा, पडव्या उघड्या ठेवा आणि बाकीचे पैसे बँकेत राहू द्या. घर तेवढ्यावर आणखी दहा वर्षं थांबू शकेल.